विलायतेतला संप आणि गिरणगावचा संप

मंडळी, पनवेल हे दोन वाटांच्या तोंडावरचे गाव. बोरघाट उतरून पुण्याकडून येणारी वाट आणि कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणातून येणारी वाट इथे भेटतात आणि मुंबईकडे वळतात. घाटात आगगाडी नव्हती, त्या काळी मुंबईचा माणूस पडावात बसून पनवेलच्या बंदरात उतरे आणि मग घाट चढून पुण्यास जाई. पुढे मुंबईत गिरण्यांची धुरांडी उभी राहिली, तेव्हा ओघ उलटा फिरला. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर आणि हा आपला कुलाबा जिल्हा, ज्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, इथली तरणी माणसे पोटासाठी मुंबईस गेली. त्यातही रत्नागिरीच्या माणसांचा भरणा मोठा. खोलीत दहा-बाराजण राहावे, खाणावळीत जेवावे, उरलेले पैसे मनिऑर्डरने गावी धाडावे, असे त्यांचे जिणे.

तुम्ही म्हणाल, विषय सांगितलात विलायतेचा आणि बोलता पनवेलचे, हे कसे? तर त्याचे कारण आहे. १९२६ साली विलायतेत एक मोठा संप झाला. १९२८ साली मुंबईत त्याच्याहून कितीतरी लांब चाललेला संप झाला. या दोन संपांचे मूळ शोधू गेले तर दोन्ही वाटा लंडनमधल्या एकाच दारापाशी पोहोचतात. आणि दोन्हींचा शेवट पाहिला, तर विलायतेतल्या कामगाराजवळ काय होते आणि आपल्या कामगाराजवळ काय नव्हते, हे स्वच्छ दिसते. शाळेत मुलांना संपांची नुसती सनावळ पाठ करायला लावण्यापेक्षा हा फरक सांगितला, तर इतिहास त्यांच्या ध्यानात राहील.

प्रथम विलायतेची हकीगत ऐका.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. युद्धापूर्वी इंग्रजांचा पौंड सोन्याशी बांधलेला होता आणि त्याची किंमत ४ डॉलर ८६ सेंट होती. युद्धात ती गाठ सुटली. १९२५ साली बाल्डविन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारात चर्चिल अर्थमंत्री होते. त्यांनी पौंड पुन्हा सोन्याशी बांधला, आणि तोही युद्धापूर्वीच्या जुन्या किमतीला. साम्राज्याची पत राखायची म्हणून हे केले. पण पौंड महाग झाला की इंग्लंडचा माल परक्या गिऱ्हाइकाला महाग पडणार, हे उघड होते. केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने तेव्हाच सांगितले की पौंडाची किंमत सुमारे १० टक्के जास्त धरली आहे, आणि हे अंतर भरून काढायला मालक मजुरी कापतील.

झालेही तसेच. इंग्लंडचा दगडी कोळसा परदेशात खपेनासा झाला. खाणमालक म्हणाले, मजुरी कमी करा आणि कामाचे तास वाढवा. खाणकामगार दहा लाखांच्या वर होते. त्यांचा पुढारी कुक गावोगाव एकच घोषणा देत फिरला : मजुरीतली एक पेनी कमी होणार नाही, कामाचे एक मिनिट वाढणार नाही. सरकारने नऊ महिने पदरचे पैसे घालून वेळ मारून नेली. मग १ मे १९२६ रोजी खाणींना टाळे लागले, आणि खाणकामगारांच्या पाठीशी राहण्यासाठी ३ मेच्या मध्यरात्रीपासून रेल्वे, गोदी, छापखाने, मोटारी, पोलाद, अशा नाना धंद्यांतले १५ लाखांहून जास्त कामगार काम सोडून बाहेर पडले. सारा देश थबकला.

सरकारनेही तयारी ठेवलीच होती. विद्यापीठांतले विद्यार्थी आणि सुखवस्तू घरांतली माणसे स्वयंसेवक म्हणून आली. कोणी बसगाड्या हाकल्या, कोणी गोदीत पोती उचलली. लंडनच्या रस्त्यांवरून पिठाच्या गाड्यांबरोबर चिलखती मोटारी चालल्या. आणि गंमत पाहा, त्याच दिवसांत प्लिमथ शहरात संपकरी आणि पोलीस यांचा फुटबॉलचा सामना झाला व तो संपकऱ्यांनी जिंकला. एका समाजाची दोन्ही तोंडे एकाच आठवड्यात दिसली.

रेडिओच्या पुस्तिकेत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. छापखाने बंद, म्हणून वर्तमानपत्रे बंद. अशा वेळी चार वर्षांचेही वय नसलेल्या बी.बी.सी.कडे साऱ्या देशाचे कान लागले. बातम्या दिल्या गेल्या. पण विरोधी मजूर पक्षाचे पुढारी रॅम्से मॅकडोनल्ड यांना बोलू दिले नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी तडजोडीचे आवाहन केले, तेही लगेच ऐकवले नाही, काही दिवस अडवून ठेवले. आपल्या मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, म्हणजे या प्रकारानंतर वर्षभराने. ज्याच्या हाती आवाज त्याची बाजू मोठी, हा धडा रेडिओच्या बाळपणीच जगाला मिळाला होता.

नऊ दिवसांनी, १२ मे रोजी, संघटनांच्या पुढाऱ्यांनी संप मागे घेतला. खाणकामगार मात्र एकटे लढत राहिले. हिवाळा तोंडावर आला, चुली गार पडल्या, आणि वर्ष संपायच्या आत बहुतेकांना कमी मजुरीवर आणि जास्त तासांवर परत खाणीत उतरावे लागले. दुसऱ्या वर्षी, १९२७ साली, पार्लमेंटने कायदा केला : एका धंद्यातल्या कामगारांनी दुसऱ्यांच्या पाठिंब्यासाठी सरकारवर दडपण आणणारा संप करणे बेकायदा.

या धामधुमीत आपला एक माणूस होता. शापुरजी सकलातवाला हे मुंबईत जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे. लंडनच्या बॅटर्सी भागातून ते पार्लमेंटात निवडून गेले होते, कम्युनिस्ट म्हणून. १ मे १९२६ रोजी हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणाबद्दल त्यांना दोन महिने तुरुंगवास झाला. सुटल्यावर १९२७ च्या जानेवारीत ते मुंबईस आले आणि हिंदुस्थानभर भाषणे देत फिरले. ते परतल्यावर सरकारने त्यांना मायभूमीत पुन्हा पाऊल टाकण्याची परवानगी नाकारली. पाहा बरे, इंग्लंडच्या मतदारांनी पार्लमेंटात धाडलेला माणूस स्वतःच्या जन्मगावी येऊ शकत नव्हता!

आता मुंबईकडे वळू.

मुंबईच्या कामगाराला संप नवा नव्हता. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची सजा झाली, तेव्हा गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवले होते. त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडली, आणि १८९० साली मालकांकडून रविवारची सुटी मिळवली. पण १९२० नंतरचे दिवस वेगळे आले. जपानचे आणि लँकेशायरचे कापड बाजारात स्वस्त पडू लागले. त्यातून इंग्रज सरकारने लँकेशायरच्या आग्रहाखातर १८९६ पासून आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवलेली होती. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, म्हणजे रुपयामागे जवळजवळ दोन आणे. दीड लाख कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. शेवटी सरकारने ती जकात स्थगित केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. जी जकात उठवा म्हणून मालक वर्षानुवर्षे अर्ज करीत होते, ती कामगारांच्या उपासाने उठली.

पण लंडनने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९२७ साली रुपयाची हुंडणावळ १ शिलिंग ६ पेन्स अशी कायद्याने ठरली. हिंदी व्यापाऱ्यांचे म्हणणे होते की ती जुन्या दराने, १ शिलिंग ४ पेन्स, असावी. दोन पेन्सांचा हा वाद सामान्य माणसाला समजत नसे. पण हिशेब अगदी सोपा आहे, शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवावा. शिलिंगाचे पेन्स १२. रुपयाचे आणे १६. जुन्या दराने रुपयाचे १६ पेन्स, म्हणजे आण्याला एक पेनी. विलायतेत १८ पेन्स किंमतीचे कापड जुन्या दराने मुंबईस १८ आण्यांना, म्हणजे १ रुपया २ आण्यांना पडे. नव्या दराने तेच कापड बरोबर एक रुपयाला पडू लागले. परक्या कापडाला दोन आण्यांची सूट मिळाली, आणि आपल्या गिरणीने त्याच्याशी टक्कर द्यावी ती कशी? खर्च कापून. आणि खर्च कापायचा तो कोठे? कामगाराच्या पगारात.

मंडळी, इथे दोन्ही वाटा एका दारापाशी आल्या. पौंड महाग केला तो लंडनमध्ये, त्याचा भार पडला वेल्स आणि यॉर्कशायरच्या खाणकामगारावर. रुपया महाग केला तोही लंडनच्याच मर्जीने, त्याचा भार पडला परळ-लालबागच्या विणकरावर. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते.

मुंबईच्या मालकांनी खर्च कापण्याचा मार्ग काढला तो असा : ज्या विणकराने दोन माग सांभाळायचे त्याने आता तीन सांभाळावे, सूत कातणाऱ्यांनीही दुप्पट चात्यांवर लक्ष ठेवावे. म्हणजे काम वाढले आणि माणसे कमी झाली. २६ एप्रिल १९२८ पासून संप सार्वत्रिक झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे मवाळ पुढारी, डांगे आणि निंबकर यांच्यासारखे कम्युनिस्ट, आळवे आणि कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले पुढारी, अशी सर्वांची मिळून संप समिती झाली. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन निघाली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद ५०,००० च्या वर गेले. बेन ब्रॅडली नावाचा एक इंग्रज एंजिनिअरही मुंबईच्या कामगारांत मिसळून काम करीत होता.

विलायतेतला सार्वत्रिक संप नऊ दिवस टिकला. मुंबईचा ६ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांच्या वर. युनियनजवळ शिल्लक नव्हती. बाहेरून मदत आली, धान्य वाटले गेले, पण दीड लाख कुटुंबांना ते किती पुरणार? मग संप टिकला कशावर?

याचे उत्तर मुंबईत सापडत नाही, गावात सापडते. महिने मोजून पाहा. एप्रिलअखेर संप सुरू झाला, तेव्हा कोकणात राब भाजून झाले होते. पुढे पेरणी, आवणी, बेणणी, आणि ऑक्टोबरात हळव्या भाताची कापणी. हजारो कामगार मुंबई सोडून गावी आले. इतर वर्षी जो मनिऑर्डर पाठवी, तो त्या वर्षी घरच्या भाकरीवर राहिला आणि चिखलात उतरला. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांना वाण्याने उधार दिले, पाहुण्यांनी सांभाळले. गिरणगावाचा संप असे आपण म्हणतो, पण त्याचा शिधा गावाने पुरवला. आईने, बायकोने, म्हाताऱ्या बापाने पुरवला. त्यांची नावे कोणत्याही समितीच्या अहवालात नाहीत.

या संपाला एक काळी बाजूही होती, ती झाकू नये. गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागणार, हे सवर्ण कामगारांना चालत नसे. मालकाशी एकजुटीने लढणारा कामगार शेजारच्या कामगाराला मात्र दूर ठेवीत होता. याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, १९२७ च्या मार्चमध्ये पाण्याचा सत्याग्रह करणाऱ्या डॉक्टर आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. तेव्हा कोठे ही बंदी उठवावी अशी मागणी, तीही नाखुषीने, यादीत घातली गेली. जी भिंत आपण स्वतः घातली, ती पाडायला मालकाची परवानगी लागत नव्हती.

ऑक्टोबरात तडजोड झाली. हायकोर्टाचे न्यायमूर्ती फॉसेट यांची चौकशी समिती नेमली, आणि कामगार गिरणीत परतले. पण सरकारच्या मनात धास्ती बसली होती. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, निंबकर, आळवे, कासले, आणि ब्रॅडली व स्प्रॅट हे इंग्रजसुद्धा, अशा एकतीस जणांवर बादशहाचे राज्य उलथण्याच्या कटाचा खटला भरला. खटला मुंबईत नाही, तर दूर मीरतला. कारण तिथे ज्यूरी द्यावी लागत नव्हती. तो जवळजवळ चार वर्षे चालला.

पाठोपाठ कामगार-तंट्यांचा कायदा आला. विलायतेच्या १९२७ च्या कायद्यातला सहानुभूतीच्या संपावरचा निर्बंध त्यात जसाच्या तसा उतरला होता. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकले, ही गोष्ट तुमच्या मुलांना तोंडपाठ असेल. त्या दिवशी असेंब्लीपुढे हाच कायदा होता, हे त्यांना अवश्य सांगा.

आता दोन्ही देशांतला फरक पाहा. १९२६ चा संप हरलेल्या इंग्रज कामगाराच्या हातात मत होते. १९२८ साली एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. १९२९ च्या मे महिन्यात निवडणूक झाली, बाल्डविन यांचे सरकार गेले आणि ज्या मॅकडोनल्डना रेडिओवर बोलू दिले नव्हते ते पंतप्रधान झाले. १९२७ चा तो कायदा उठायला १९४६ साल उजाडले, पण तो उठवला तो मतांच्या जोरावर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेच.

आपल्याकडे तेव्हा शंभरात तिघांच्या आसपास माणसांना मत होते. गिरणी कामगाराचा आवाज म्हणून जोशी असेंब्लीत बसत, ते सरकारने नेमलेले सभासद म्हणून, निवडून आलेले नव्हे. आणि विलायतेत मजूर पक्षाचे सरकार आले म्हणून मीरतचा खटला काढून घेतला गेला नाही. आपल्या देशातल्या कामगाराचे मत ज्याला लागत नाही, तो मित्र असला तरी त्याची मैत्री दूरची. उलट साधी माणसे मात्र लवकर ओळखतात. १९३१ च्या प्रारंभी लँकेशायरच्या बर्नली गावात विणकरांनी असाच लढा दिला. तिथे चार मागांऐवजी आठ सांभाळा असा मालकांचा आग्रह होता. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे जिथे काम बुडाले होते, तिथल्याच कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले.

मत हाती आले म्हणजे संप जिंकलाच, असे मात्र नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, आणि तो संप विरून गेला. विलायतेत १९८४ च्या मार्चपासून वर्षभर खाणकामगार लढले, तेही हरले. पण मत हाती असले म्हणजे हरलेल्याला पुढच्या वेळी विचारावे लागते. आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. नवी मुंबईसाठी १९७० पासून पनवेल, उरण आणि ठाणे या बाजूच्या ९५ गावांची जमीन संपादन झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूस शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे पनवेलचे आमदार राहिलेले, मतांवर निवडून गेलेले पुढारी होते. त्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. मीरतच्या वेळी असा रस्ताच नव्हता.

आज तळोज्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा मुलगा कंत्राटी असतो, आणि त्याच्या आजोबांचे शेत बहुधा इमारतींखाली गेलेले असते. १९२८ साली संपकऱ्याला गावच्या भाताने तारले. या मुलाच्या पाठीशी ते भात नाही. त्याच्याजवळ मत आहे, संघटना करण्याचा हक्क आहे, आणि शेजारी उभा असलेला दुसरा कामगार आहे, मग तो कोणत्याही जातीचा किंवा प्रांताचा असो. त्याला हा इतिहास कोणी सांगितला पाहिजे? शाळेत तुम्ही, आणि घरी ज्यांचे आजे-पणजे गिरणीत होते ते. घरात एखादा जुना गिरणीचा बिल्ला किंवा मनिऑर्डरची पावती असेल, तर ती मुलांना दाखवा आणि विचारा, १९२८ च्या पावसाळ्यात आपल्या घरी कोण कोण परत आले होते?